राज्याची चाचणी, गावची शाळा : एका पालकाचा अभिप्राय

आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत २०२३-२४ या वर्षापासून राज्याची नियतकालिक मूल्यांकन चाचणी होते. शाळेत तिला सगळे जण ‘पॅट’ म्हणतात. पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने तयार केलेली एकच प्रश्नपत्रिका सिंधुदुर्गापासून गडचिरोलीपर्यंतच्या सरकारी आणि अनुदानित शाळांतली मुले सोडवतात. प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी असे तीन विषय असतात. वर्षाच्या सुरुवातीला पायाभूत चाचणी, दिवाळीच्या आगेमागे संकलित मूल्यमापन एक आणि उन्हाळ्यात संकलित मूल्यमापन दोन असा तिचा क्रम आहे. ही चाचणी लोकांच्या पैशातून आणि लोकांच्या मुलांसाठी चालते, म्हणजे ती एक सार्वजनिक सेवा आहे, आणि ज्या घरातली मुले ती चाचणी देतात त्या घराने तिच्याबद्दल नीट विचार करून लिहिले पाहिजे, असे मला वाटले म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे.

आधी स्वतःबद्दल थोडे सांगते, म्हणजे मी कुठे उभी राहून हे बघते आहे ते कळेल. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात राहतो; घरी कोरडवाहू कापूस, सोयाबीन आणि तूर आहे. माझे डी.एड. झाले आहे, परंतु शिक्षिकेची नोकरी लागली नाही. माझी मुलगी आणि दिरांचा मुलगा याच शाळेत शिकतात आणि मी शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. पाचवीपर्यंतच्या आमच्या शाळेचा पट पन्नासच्या आत आहे, त्यामुळे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शिक्षक दोनच. पाच वर्ग दोघांत वाटलेले असल्यामुळे चाचणीच्या दिवसांत एका वर्गाची तोंडी परीक्षा चालू असताना बाकीच्या मुलांना सांभाळायला मी आणि आणखी एक पालक शाळेत जाऊन बसत होतो. हा अभिप्राय त्या बसण्यातून तयार झाला आहे.

सगळ्या राज्याला एकच पेपर ही गोष्ट आमच्याकडे अगदी नवी नाही. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हाही भाषा आणि गणित या विषयांच्या पायाभूत आणि संकलित चाचण्या झाल्या होत्या. आताची चाचणी जागतिक बँकेच्या साहाय्याने सहा राज्यांत सुरू झालेल्या ‘स्टार्स’ प्रकल्पाचा भाग म्हणून आली. त्याही आधी, २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयापासून, आपल्या शाळांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे, ज्यात शिक्षकाने वर्षभर मुलाकडे बघून केलेले आकारिक मूल्यमापन आणि सत्राच्या शेवटचे संकलित मूल्यमापन अशी जोडी आहे. मूल वर्गात काय बोलते, कसे मोजते, गटात कसे वागते हे सगळे या जोडीत धरलेले होते. राज्याच्या चाचणीने त्यातल्या संकलित भागाला बळ दिले, आणि आकारिक भाग, जो मला जास्त मोलाचा वाटतो, तो नोंदवहीत भरायच्या रकान्यांपुरता उरत चालला आहे. हे मी दुःखाने लिहिते, कारण डी.एड.ला असताना आम्हाला सर्वांत मन लावून तोच शिकवला गेला होता.

आता प्रश्नपत्रिकेबद्दल. इथे मी मनापासून चांगले सांगणार आहे. जी मुले आजवर पुस्तकाच्या धड्याखालचे प्रश्न आणि त्यांची फळ्यावरची उत्तरे पाठ करत आली, त्यांच्यासमोर ही चाचणी न वाचलेला उतारा ठेवते आणि त्यावर विचारते. गणितातही नुसती मांडलेली उदाहरणे नसतात. बाजार, वेळ, माप, चित्र यांतून मुलाला गणित शोधावे लागते. पायाभूत चाचणी मागच्या इयत्तेच्या अध्ययन निष्पत्तींवर असते, म्हणजे तिसरीत बसलेल्या मुलाला दुसरीतले किती येते हे ती बघते, आणि वर्षाच्या तोंडावर शिक्षकाला नेमके हेच माहीत असायला हवे. मुले पुस्तिकेतच उत्तरे लिहितात, तपासायला उत्तरसूची मिळते, आणि तपासतात ते त्याच शाळेचे शिक्षक. या शेवटच्या गोष्टीवर पुष्कळांचा आक्षेप आहे की आपल्याच मुलांना आपणच गुण दिले तर ते खरे कसे असतील. मला मात्र या चाचणीतला सर्वांत चांगला भाग तोच वाटतो, आणि का ते एका उदाहरणाने सांगते.

पायाभूत चाचणीनंतरच्या आठवड्यात आमच्या बाई तिसरीच्या गणिताच्या पुस्तिका तपासत होत्या. मी शेजारी बसले होते. हातच्याच्या वजाबाकीचे एक उदाहरण होते. आकडे बदलून सांगते, ५२ मधून २७ वजा करायचे होते. माझ्या पुतण्याने उत्तर लिहिले होते ३५. त्याने एककाच्या घरात दोनातून सात जात नाहीत म्हणून सातातून दोन काढले आणि पाच लिहिले. दशकाच्या घरात पाचातून दोन काढून तीन लिहिले. बाईंनी पुढची पुस्तिका उघडली, तिथेही ३५. त्याच्या पुढच्या पुस्तिकेत २५ असे बरोबर उत्तर होते. ती बंजारा तांड्यावरच्या एका मुलीची होती. पण तिनेच पुढच्या पानावर प्रवासी उतरल्याच्या शाब्दिक उदाहरणात तसल्याच दोन संख्यांची सरळ बेरीज करून टाकली होती. म्हणजे तिला वजाबाकी येत होती, ‘उतरले’ म्हणजे कमी झाले हे तिच्यापर्यंत पोचले नव्हते. माझ्या पुतण्याला ‘उतरले’ कळत होते, पण गठ्ठा सोडून सुटे करणे कळत नव्हते. दोघांच्या गुणांत एका गुणाचाही फरक नव्हता.

बाईंनी पुस्तिका मिटून ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी झाडूच्या काड्या तोडून दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधून आणले. माझ्या पुतण्यासमोर पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवून त्यातल्या सत्तावीस मागितल्या. त्याने दोन गठ्ठे दिले, दोन सुट्या दिल्या आणि थांबला. हातात उरलेल्या तीन गठ्ठ्यांकडे बराच वेळ बघून म्हणाला, “बाई, आता गठ्ठा सोडा लागते न.” त्या मुलाला हातच्याची वजाबाकी त्या क्षणी कळली, आणि ती कळायला राज्याची चाचणी कारणीभूत झाली, हे मी कुणाहीपुढे मान्य करीन. तपासणी दुसऱ्या कुणी कुठे तरी बसून केली असती, तर बाईंच्या हाती फक्त एक आकडा आला असता.

आणि नेमक्या याच जागी मला या सेवेतली मोठी उणीव दिसते. पुस्तिका तपासून झाल्या की गुण विद्या समीक्षा केंद्राच्या, म्हणजे शाळांची माहिती गोळा करणाऱ्या राज्याच्या यंत्रणेच्या, चॅटबॉटवर ठरलेल्या मुदतीत भरायचे असतात. मुदत जवळ आली की आमच्या आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावर किती शाळांचे भरून झाले आणि किती उरले याची यादी येऊ लागते, आणि त्या दिवसांत शिक्षकाचे सारे लक्ष त्या यादीतून आपल्या शाळेचे नाव निघावे याकडे लागते. हे स्वाभाविक आहे, मी त्यांना दोष देत नाही. मात्र गुण वर गेल्यानंतर खाली काय येते, याचे उत्तर गेल्या दोन-अडीच वर्षांत मला आमच्या शाळेत मिळाले नाही. आमची तिसरी कुठल्या बाबतीत अडते आहे, तिला वर्षाच्या मध्यात कोणती मदत मिळणार आहे, शेजारच्या शाळेने तीच अडचण कशी सोडवली, यांतले काहीही पालकांपर्यंत आले नाही. कृती कार्यक्रम आणि उपचारात्मक अध्यापन हे शब्द बैठकीत ऐकू येतात, पण काड्यांचे गठ्ठे बाईंना स्वतःच सुचले आणि झाडूही त्यांनी स्वतःच्या घरचाच आणला होता.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाच्या कर्तव्यांत असे स्पष्ट लिहिले आहे की त्याने पालकांशी नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगावी. राज्याच्या एवढ्या मोठ्या चाचणीची आखणी करताना या कलमाला धरून एक पान पालकासाठी ठेवले असते तर फार बरे झाले असते. मुलाला काय येते, काय येत नाही आणि घरी काय करता येईल, एवढे साध्या मराठीत लिहिलेले एक पान पुरे होते. प्रगतिपत्रकावरची श्रेणी बघून आमच्या गावातल्या आईला काहीच उमजत नाही. ‘ब-१’ म्हणजे पोरीला वाचता येते की नाही, हा तिचा साधा प्रश्न असतो.

वेळापत्रकाबद्दल मला जास्त सविस्तर लिहायचे आहे, कारण विदर्भातल्या पालकाला हा विषय रोजच्या जगण्याचा आहे. उन्हामुळे आमच्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. २०२४ मध्ये बाकीच्या महाराष्ट्रात १५ जूनला घंटा झाली आणि आमच्याकडे १ जुलैला. त्या वर्षीची पायाभूत चाचणी १० ते १२ जुलैला होती. म्हणजे पुण्या-नाशिककडच्या मुलांना उन्हाळ्यानंतर पुस्तकाशी पुन्हा ओळख करून घ्यायला जवळजवळ चार आठवडे मिळाले आणि आमच्या मुलांना फक्त नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत पेरणीची घाई असते, पुस्तके वाटायची असतात, आजोळाहून न परतलेल्या मुलांची वाट बघायची असते आणि पहिलीच्या नव्या मुलांचे रडणे थांबवायचे असते. उन्हाळ्याची सुट्टी संपल्यासंपल्या मुलाला काय आठवते आणि महिनाभर शाळेत बसल्यावर काय आठवते, यांत फार अंतर असते. हे दोन्ही गट एकाच तक्त्यात शेजारी शेजारी ठेवले तर विदर्भाची मुले मागे दिसणार, आणि त्यांचे मागे असणे किती खरे आणि किती तारखेमुळे, हे कुणाला सांगता येणार नाही. आदल्या वर्षी, २०२३ मध्ये, हीच चाचणी १७ ते १९ ऑगस्टला झाली होती आणि २०२५ मध्ये ती ६ ते ८ ऑगस्टला झाली. ऑगस्टची तारीख आम्हाला सोयीची आहे. ती आता कायम ठेवावी, एवढीच विनंती आहे.

दिवाळीच्या आगेमागच्या चाचणीची अडचण वेगळी. त्याच वेळी सोयाबीनची सोंगणी आणि मळणी आटोपलेली किंवा आटोपत आलेली असते आणि कापसाची पहिली वेचणी सुरू होते. ज्या घरात माणसे कमी, त्या घरातले तिसरी-चौथीचे पोर धाकट्या भावंडाला सांभाळायला धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसते, आणि पाचवीची पोरगी आईबरोबर ओटीत कापूस वेचते. शाळेत चाचणी आहे असे सांगायला मी स्वतः दोन घरी गेले होते. एकीच्या आईने मला सरळ विचारले, “पेपर देल्ल्यानं का होते काकू, पास त होतेच न?” नापास होण्याची भीती घालावी असे मला वाटत नाही, पण त्या बाईचा प्रश्न खोटा नव्हता. चाचणीतून तिच्या पोरीला काही मिळते आहे हे तिला एकदाही दिसले नव्हते. दुसऱ्या दिवशी ती पोरगी आली, दोन तास बसली, मधल्या सुट्टीत खिचडी खाऊन परत वावरात गेली.

तिसरी चाचणी आणि वार्षिक परीक्षा यांचा प्रश्न उन्हाचा आहे. २०२५ मध्ये राज्यभर पहिली ते नववीच्या परीक्षांचे एकच वेळापत्रक लागले आणि ते ८ ते २५ एप्रिल असे होते. आमच्याकडे एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात पारा ४२-४३ अंशांच्या वर राहतो आणि चंद्रपूर, अकोला यांसारख्या ठिकाणी तो ४५ च्याही जवळ जातो. सकाळची शाळा ठेवली तरी तांड्यावरून दोन किलोमीटर चालत येणारी मुले परत जाताना उन्हातच सापडतात. आमच्या एका खोलीवर पत्रे आहेत. साडेनऊनंतर त्या खोलीत बसवत नाही, म्हणून सगळ्या मुलांना व्हरांड्यात आणून बसवले होते. माझ्या मुलीच्या इंग्रजीच्या पुस्तिकेवर घामाने शाई पसरली होती, आणि ती रडवेली होऊन मला म्हणाली की बाईंना माझे अक्षर घाणेरडे वाटेल. शिवाय आपल्याकडे निकाल १ मे रोजी देण्याची रीत आहे. २५ तारखेला शेवटचा पेपर झाल्यावर दोन शिक्षकांनी पाच वर्गांच्या पुस्तिका तपासून, नोंदवून, प्रगतिपत्रके लिहायची ती पाच दिवसांत. अशा घाईत कुणी कुणाचे ५२ वजा २७ उलगडून बघेल, ही अपेक्षाच चुकीची आहे. वर्ष वाया जाऊ नये, एप्रिलमध्येही शिकवणे चालू राहावे, हा एका वेळापत्रकामागचा विचार मला पटतो, पण विदर्भाला शाळा उघडण्यासाठी वेगळी तारीख मिळते तर परीक्षा संपवण्यासाठीही वेगळी तारीख मिळायला हवी.

भाषेच्या पेपरबद्दल एक गोष्ट मला फार दिवस खटकते आहे. प्रश्नपत्रिका वेगवेगळ्या माध्यमांतून निघते हे चांगले आहे, परंतु मराठी माध्यमाची मराठी एकच असते आणि आमच्या वर्गात घरची भाषा एक नसते. गावातली मुले वऱ्हाडी बोलतात, तांड्यावरची मुले घरी गोरमाटी बोलतात, आणि आमच्याच जिल्ह्यातल्या कोलाम पोडांवरच्या, म्हणजे वस्त्यांवरच्या, मुलांची घरची भाषा कोलामी आहे. मेळघाटात हीच जागा कोरकूची, गडचिरोलीत गोंडी आणि माडियाची. चाचणीआधी घरी सराव करून घेत असताना बाजारातल्या एका पुस्तिकेत कोथिंबिरीचे चित्र आले. पुतण्याने खाली ठसठशीत लिहिले, ‘सांबार’. मी म्हटले, पुस्तकात काय म्हणतात ते लिही. त्याने माझ्याकडे बघितले आणि म्हणाला, “मोठी माय, हे त सांबारच हाय. तू रोज वरणात टाकते.” त्याचे बरोबर होते. आमच्या घरात, गावात, आठवडी बाजारात, सगळीकडे ते सांबारच आहे. बटाटा आलू आहे, शेंगदाणे फल्ली आहेत आणि शेत वावर आहे. त्याला प्रमाण मराठीतला शब्द आला पाहिजे याबद्दल माझे दुमत नाही, आणि तो शिकवायला शाळा आहेच. पण वाचता-लिहिता येते की नाही हे तपासताना ‘सांबार’ लिहिणाऱ्या मुलाला चुकीचे ठरवले तर त्याची लिपीची पारख तपासली न जाता त्याचे घर तपासले जाते. उत्तरसूचीत एक ओळ वाढवून स्थानिक बोलीतला योग्य शब्द ग्राह्य धरण्याची स्पष्ट सूचना प्रत्येक वेळी दिली, तर शिक्षकाला आपल्या मनाने निर्णय घेण्याची जोखीम उरणार नाही. आमच्या बाई असे उत्तर बरोबर धरतात, पण सगळीकडे आमच्या बाई नसतात.

व्यवस्थेच्या लहानसहान गोष्टी थोडक्यात सांगते. एका वेळी आमच्याकडे आलेल्या गठ्ठ्यात एका इयत्तेच्या दोन पुस्तिका कमी निघाल्या आणि गुरुजींना तालुक्याला मोटारसायकलने जाऊन झेरॉक्स आणाव्या लागल्या. मुले दीड तास ताटकळली. गुण भरताना रेंज मिळत नाही म्हणून शाळेमागच्या टेकाडावर जावे लागते. हे सगळीकडचेच आहे आणि यासाठी मी या सेवेला फार कमी लेखणार नाही. मला जास्त काळजी वाटते ती सरावसंचांची. चाचणी सुरू झाल्यापासून तालुक्याच्या दुकानांत तिच्या नावाने पुस्तिका विकायला आल्या आहेत आणि ज्यांना परवडत नाही तेही पालक त्या घेतात. मीही घेतली. जी चाचणी मुलाला मुळात काय येते ते शांतपणे बघण्यासाठी आहे, तिची घोकंपट्टी करून घेतली तर ती जे दाखवायला आली ते दाखवूच शकत नाही. हे पालकांना कुणीतरी समजावून सांगायला हवे होते, आणि पहिल्या वर्षी मलाही ते उमजले नव्हते.

इतर चाचण्यांशी तुलना केल्याशिवाय अभिप्राय पुरा होणार नाही. ४ डिसेंबर २०२४ रोजी तिसरी, सहावी आणि नववीचे ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षण झाले. त्याआधी १२ नोव्हेंबर २०२१ ला राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण झाले होते. ही सर्वेक्षणे निवडक शाळांत होतात आणि जिल्हा कुठे आहे ते सांगतात. आमच्या पुतण्याबद्दल काही सांगणे हे त्यांचे कामच नाही, म्हणून त्यांच्याकडून मला ती अपेक्षाही नाही. ‘प्रथम’ संस्थेचे ‘असर’ सर्वेक्षण २००५ पासून ग्रामीण भागात घरोघरी जाते. तेही नमुन्यावरच चालते, पण त्याची पद्धत मला फार आवडते. मुलाला एकट्याने समोर बसवून अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट यांतले काय वाचता येते ते ऐकायचे, आणि अंकओळख, वजाबाकी, भागाकार बघायचे. बघणाऱ्या आईला तिथल्या तिथे कळते. याउलट पाचवीत दिलेल्या नवोदय विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेला आमच्या गावात जेवढी इज्जत आहे तेवढी राज्याच्या चाचणीला नाही, कारण नवोदयात लागलेल्या पोराचे आयुष्य बदललेले गावाने डोळ्यांनी बघितले आहे. राज्याच्या चाचणीकडून आयुष्य बदलण्याची अपेक्षा कुणी करत नाही. पोराला कुठे अडते आहे ते दिवाळीआधी कळले आणि होळीपर्यंत ते सुटले, एवढे दिसले तरी लोक वेचणी एक दिवस मागे ठेवतील.

पाचवी आणि आठवीबाबत एक वेगळी चिंता आहे. २०२३ मध्ये राज्याने नियम बदलून या दोन इयत्तांना वार्षिक परीक्षा लावली. तिच्यात प्रत्येक विषयात ३५ टक्के गुण लागतात. न मिळाल्यास पुनर्परीक्षा, आणि तिथेही न मिळाल्यास मूल त्याच वर्गात राहते. नियमामागचा हेतू मी समजू शकते. पण तिसरीच्या पायाभूत चाचणीत जे मूल गठ्ठा सोडायला अडले होते आणि ज्याच्या अडण्याची नोंद राज्याकडे तेव्हापासून आहे, ते मूल पाचवीत नापास झाले तर ती जबाबदारी एकट्या मुलाची कशी ठरेल? तीन वर्षांत त्या मुलाच्या आठेक चाचण्या झालेल्या असतात. त्यांतून काय केले याचा कागद नापास करण्याआधी शाळेने आणि वरच्या कार्यालयांनी पालकासमोर ठेवावा, असा नियम व्हावा, ही माझी आग्रहाची मागणी आहे.

एवढे सगळे लिहूनही कुणी विचारले की ही चाचणी हवी की नको, तर मी हवी म्हणेन. ती बंद झाली तर आमच्यासारख्या गावात मूल पाचवीपर्यंत वाचता न येता सहज पोचेल आणि कुणाला पत्ता लागणार नाही. ते मी माझ्या पिढीत बघितले आहे. माझी तक्रार तिच्या असण्याबद्दल नाही, ती आमच्या दाराशी येऊन आत न येता परत जाते याबद्दल आहे.

यंदा समितीच्या बैठकीत मी एक ठराव मांडला. कायद्याप्रमाणे समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात, त्यामुळे तो मंजूर व्हायला अडचण आली नाही. तपासलेल्या पुस्तिका गठ्ठा बांधून कपाटात जाण्याआधी एका शनिवारी शाळेत मांडून ठेवायच्या आणि प्रत्येक पालकाने आपल्या मुलाची पुस्तिका बघायची, असे ठरले. गुरुजींना आधी थोडी शंका होती की कमी गुण बघून लोक पोरांना मारतील, म्हणून पहिल्या पानावरचे गुण कागदाने झाकायचे त्यांनी सुचवले आणि ते सगळ्यांना पटले.

त्या शनिवारी सकाळी चौदा पालक आले, त्यांत अकरा आया होत्या. तांड्यावरच्या त्या मुलीची आई वेचणीला जायच्या वाटेवर ओटी बांधूनच आली होती. तिला वाचता येत नाही. तिच्या मुलीने पुस्तिका उघडून प्रवाशांचे उदाहरण काढले, आणि आईला आधी मराठीत वाचून दाखवले, मग गोरमाटीत सांगितले. सांगता सांगता ती मध्येच थांबली, बाईंकडे बघितले आणि बाईंच्या टेबलावरचा खोडरबर मागितला. बाई म्हणाल्या, आता पेपर झाला, खोडू नको, बाजूला लिही. तिने चुकलेल्या बेरजेशेजारी पेन्सिलने वजाबाकी मांडली आणि आईचे बोट धरून त्या उत्तरावर ठेवले.